क्लाइड मॅकफॅटर : आवाज आणि मालकी

क्लाइड मॅकफॅटर या अमेरिकन गायकाचे नाव पुण्यातल्या जुन्या इंग्रजी गाण्यांच्या शौकिनांनाही फारसे ठाऊक नसते, याची मला मनापासून खंत वाटते. कारण चर्चमध्ये देवाला आळवणारी आर्त गायकी प्रेमगीतात आणून ज्यांनी रॉक अँड रोलची वाट मोकळी केली, त्यांत त्याचे स्थान फार वरचे आहे.

१९३२ साली नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे जन्मलेला क्लाइड १९५० मध्ये बिली वॉर्डच्या ‘डॉमिनोज’ या गायकांच्या गटात दाखल झाला. १९५२ चे ‘हॅव मर्सी बेबी’ त्याच्या आवाजावर गाजले, पण गट वॉर्डच्या मालकीचा होता आणि क्लाइड पगारी गायक. कधी तर त्याची ओळखही ‘क्लाइड वॉर्ड’ अशीच करून दिली जाई. १९५३ मध्ये तो बाहेर पडला, तेव्हा अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या अहमेत एर्टेगनने त्याला गाठले आणि त्याच्याभोवती ‘ड्रिफ्टर्स’ हा गट उभा राहिला. त्यांचे ‘मनी हनी’ रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताच्या, यादीत ११ आठवडे अव्वल होते.

मला सर्वाधिक प्रिय आहे ते त्यांचे १९५४ चे ‘व्हाइट ख्रिसमस’. बिल पिंकनी खर्जात संथपणे गाणे मांडतो, मागे बाकीचे बिनअर्थाच्या बोलांनी स्वर भरत राहतात, आणि मग क्लाइडचा उंच, कोवळा आवाज एकेका अक्षरावर थरथरत येतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या आत्याने आयुष्यभर ख्याल शिकवला, तिला हे ऐकवले, तेव्हा ती म्हणाली, “अरे, हरकत किती जागेवर घेतो हा!”

त्याच वर्षी त्याला सैन्यात जावे लागले. पुढे त्याने गटातला आपला हिस्सा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेलला विकला, आणि माझ्या मते वॉर्डकडे जे सोसले तेच, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या गटात पगारी गाणे, त्याने सोबत्यांच्या वाट्याला ठेवले. १९५८ मध्ये ट्रेडवेलने सगळ्या गायकांना काढून त्याच नावाखाली नवे गायक उभे केले. त्याच वर्षी क्लाइडचे ‘अ लव्हर्स क्वेश्चन’ गाजत होते. नंतर मात्र लोकप्रियता ओसरली, दारू वाढली आणि १९७२ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी, तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये १९८७ साली त्याचा एकट्याचा समावेश झाला, तर १९८८ मध्ये ड्रिफ्टर्सचा एक गायक म्हणून.