लेकराच्या नावावर काही ठेवू नका

अमेरिकेतल्या मराठी घरात दिव्यांग मूल असेल, तर गावाकडच्या आजी-आजोबांना एक गोष्ट वेळेवर सांगायलाच हवी: मृत्युपत्रात, मुदत ठेवीत त्याचं नाव थेट घालू नका. मायेपोटीच घालतात, आणि नुकसान त्या लेकराचंच होतं.

कारण एसएसआय, म्हणजे गरजू दिव्यांगांना अमेरिकेचं केंद्र सरकार दरमहा देतं ती रोख मदत. 2025 साली ती महिन्याला जास्तीत जास्त 967 डॉलर होती. बहुतेक राज्यांत तिच्यासोबत मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळतो, आणि खरा आधार त्याचाच: घरी येणारा मदतनीस, थेरपी, व्हीलचेअर. अट अशी की मोजली जाणारी मालमत्ता 2,000 डॉलरच्या आत हवी. हा आकडा 1989 पासून हललेला नाही, हा सरळ अन्याय आहे. मोजणी दर महिन्याच्या पहिल्या तारखेची. नातवाच्या हाती वारशाचे पाच लाख रुपये आले, तरी मर्यादा ओलांडली जाते.

यावर उपाय म्हणजे स्पेशल नीड्स ट्रस्ट, म्हणजे दिव्यांग माणसासाठी पैसे विश्वस्ताच्या हाती ठेवायची कायदेशीर सोय. आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या पैशांतून केलेल्या ट्रस्टवर मुलाची मालकी नसते. कुठे, किती खर्च करायचा हे विश्वस्त ठरवतो. मूल हक्काने पैसे मागू शकत नाही, म्हणूनच ते त्याची मालमत्ता ठरत नाहीत. त्याच्या पश्चात उरलेलं भावंडांना देता येतं. मुलाचे स्वतःचे पैसे असतील, म्हणजे अपघाताची भरपाई किंवा थेट मिळालेला वारसा, तर ट्रस्ट वेगळा. तो वयाच्या 65 वर्षांच्या आत करावा लागतो, आणि मेडिकेडने मुलावर केलेला खर्च त्याच्या मृत्यूनंतर राज्य त्यातून आधी वसूल करतं. हे दोन पैसे एकत्र करू नका. मुलाचा एक चेक घरच्यांच्या ट्रस्टमध्ये गेला, तर त्या ट्रस्टचं संरक्षणच धोक्यात येतं.

ट्रस्टचा कागद झाला, पण विम्याच्या आणि फोर-ओ-वन-के या नोकरीतल्या निवृत्तिखात्याच्या फॉर्मवर मुलाचंच नाव राहिलं, ही चूक फार घरांत होते. तिथे मृत्युपत्र चालत नाही, फॉर्मवरचं नाव चालतं. फॉर्म आजच काढून बघा.

पैसे द्यायचे कसे, यात विश्वस्त चुकतात. मुलाच्या हातात रोख 1,000 डॉलर दिले, तर 20 डॉलर सोडून बाकी सगळं उत्पन्न धरलं जातं. 2025 साली 980 हे 967 पेक्षा जास्त, म्हणजे त्या महिन्याची मदत शून्य. तेच 1,000 डॉलर ट्रस्टने थेट घरमालकाला भाडं म्हणून दिले, तर 2025 च्या हिशेबाने कपात जास्तीत जास्त 342 डॉलर 33 सेंट. फोनचं बिल, कपडे, संगणक, प्रवासाचं तिकीट ट्रस्टने परस्पर भरलं तर काहीच कापलं जात नाही. 30 सप्टेंबर 2024 पासून किराणाही या कपातीतून सुटला, हा मोठा दिलासा आहे. भाड्याची कपातही टाळायची असेल, तर ट्रस्टने पैसे मुलाच्या एबल खात्यात, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या खास बचत खात्यात, टाकावेत आणि भाडं तिथून त्याच महिन्यात भरावं. या खात्यात 2025 साली 19,000 डॉलरपर्यंत भरता येत होते, आणि त्यातली 1,00,000 डॉलरपर्यंतची शिल्लक एसएसआयसाठी मोजत नाहीत. अपंगत्व 26 वर्षांच्या आत सुरू झालेलं असावं ही अट जानेवारी 2026 पासून 46 वर्षांवर गेली, त्यामुळे बऱ्याच मोठ्या माणसांनाही आता हे खातं उघडता येतं.

आता पुण्यातला फ्लॅट. आजोबांनी तो नातवाला देऊ नये. आपल्या धडधाकट मुलाला किंवा मुलीला द्यावा, आणि त्याने किंवा तिने आपल्या मृत्युपत्रात आपलं सगळं ट्रस्टच्या नावे करावं. मृत्युपत्रच नसेल, तर वडिलांच्या पश्चात नातू कायद्यानेच वारस होतो. मग घरातलं कुणीतरी सुचवतं, ‘हक्कसोडपत्र करून टाकू.’ इथे थांबा. अमेरिकेत ते मालमत्ता फुकट देऊन टाकणं समजलं जाऊ शकतं, आणि त्यासाठी एसएसआय 36 महिन्यांपर्यंत बंद होऊ शकतं. अशा वेळी सही करण्याआधी अमेरिकेतल्या स्पेशल नीड्सच्या वकिलाला गाठा. तो हिस्सा मुलाच्या स्वतःच्या पैशांच्या ट्रस्टमध्ये नेता येतो का, हे तो सांगेल.