खुंट जंबेरीचा, डोळा संत्र्याचा

शाळेचा सुवर्ण महोत्सव आहे, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा निरोप आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती प्रत्ययांची वही. आमच्या बॅचच्या पोरांना एवढ्यावरूनच कळेल, बाकीच्यांसाठी सांगतो.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून इंग्रजी हे २००० साली आलं. त्यामुळे आठवीत पोचलो तरी आमचं इंग्रजी म्हणजे स्पेलिंगचं घोकणं. केअर वेगळं पाठ, केअरफुल वेगळं पाठ, केअरलेस वेगळं आणि केअरलेसनेस दिसलं की वही बंद. हे सगळं एकाच शब्दाचं घराणं आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. १९९४ ला इंग्रजीला नवीन सर आले, इकडचेच, बोलायचेही आपल्यासारखंच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, कोणाकोणाचे बाबा पन्हेरीवर, म्हणजे रोपवाटिकेत, कलमा बांधायला जातात? आपला वरुड-शेंदूरजनाघाटचा संत्र्याचा पट्टा, अर्ध्या वर्गाचे हात वर. मला उभं केलं. (खुंट म्हणजे कलमाचं खालचं, मुळ्यांचं रोप, जंबेरी हे लिंबाच्या जातीचं झाड; डोळा म्हणजे खुंटावर बांधायची कळी.)

"खुंट कशाचा असते रे?"

"जंबेरीचा जी."

"अन् डोळा?"

"संत्र्याचा."

"मंग झाडाले फळ कोणतं लागते?"

"संत्राच लागते जी."

सरांनी फळ्यावर केअर लिहिलं, म्हणाले हा खुंट, मुळ्या याच्या. त्यावर लेस बांधला, केअरलेस, नामाचं विशेषण झालं. त्यावर नेस बांधला, परत नाम. नेस पुसून तिथे ली बांधला, क्रियाविशेषण. "मुळी तेच रायते, शब्दाची जात शेवटचा डोळा ठरवते." शब्दांच्या जाती आम्ही मराठी व्याकरणात पाठ केल्या होत्या, पण इंग्रजी शब्दाची जात त्याच्या शेवटाकडे पाहून ओळखता येते हे त्या दिवशी कळलं. मला तर कुणीतरी कुलपाची किल्ली हातात दिल्यासारखं झालं, घरी जाताना एसटी स्टँडवरच्या पाट्या वाचत गेलो, मॅनेजमेंट, डिपार्टमेंट, जिथे मेंट दिसला तिथे थांबायचो.

जोडाची गोष्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितली आणि मला वाटतं खरं इंग्रजी तिथेच शिकलो. डोळा बसवायचा तर खुंटाच्या सालीला चीर द्यावीच लागते, साल थोडी उघडते. तसंच शब्दाचं. हॅपीला नेस लावताना शेवटचा वाय जाऊन आय येतो, व्हॅल्यूला एबल लावताना ई गळतो. पण मॅनेजेबलमध्ये ई तसाच ठेवतात, कारण तो काढला तर जीच्या पुढे ए येईल आणि ज चा ग होऊन बसेल. कुणीतरी विचारलं की इंग्रजीत असे नखरे काऊन, तर सर म्हणाले मराठीत नाहीत का? पाणी, पण पाण्यात. घोडा, पण घोड्याला. आपण सामान्यरूप म्हणतो ते हेच, आपल्याला ते दिसत नाही कारण दूध पितापिता शिकलो. कधीकधी तर आवाजही बदलतो, इलेक्ट्रिकच्या शेवटचा क इलेक्ट्रिसिटीत स होतो.

मग वही आली. दोनशेपानी वही, वर्गाची एकच, प्रत्येकाला एक प्रत्यय आणि त्याची पानं, वर्षभर जिथे शब्द सापडेल तिथून आणून लिहायचा. खिडकीजवळच्या बेंचला नेस, त्याची पानं दिवाळीआधीच भरली. एर ज्याला मिळाला त्याने फार्मर, टीचर, ड्रायव्हर लिहून कुकरही लिहिलं, करणारा माणूस म्हणून, तेव्हा सरांनी सांगितलं की स्वयंपाक करणारा तो कुक, कुकर म्हणजे भांडं, प्रत्यय तोच पण माणूस की वस्तू हे वापरावरून ठरतं. फुलला शेवटी एकच एल, हे आमच्या पूर्ण बॅचचं आयुष्यात कधी चुकलं नसेल.

माझ्या वाट्याला एबल. वाचण्याजोगं ते रीडेबल, धुण्याजोगं ते वॉशेबल. मी टेबलही लिहिलं होतं. सरांनी खोडलं नाही, विचारलं, "एबल काढून घे, मंग काय उरते?" ट उरतो. "त्याले मुळ्या आहेत का?" ही परीक्षा मी अजून वापरतो.

नेस, लेस, फुल, हुड हे इंग्रजीचे जुने घरचे प्रत्यय. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांची भाषा फ्रेंच, पुढच्या तीनचारशे वर्षांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले आणि त्यांच्या मागे मेंट, एबल हे प्रत्ययही आले. मग इंग्रजांनी आपल्या घरच्या ईटला परका एबल बांधून ईटेबल केलं. सर म्हणाले आपली दादागिरी पाहा, दादा आपला, गिरी फारसी. अशी कलमं प्रत्येक जित्या भाषेत होतात.

मी आता तालुक्याला कृषी केंद्र चालवतो. वहीत नसलेला एक प्रत्यय मला या धंद्याने शिकवला, साइड. लॅटिनमधून आलेला, अर्थ मारणारा किंवा मारणं. फंगिसाइड बुरशीला मारतं, इन्सेक्टिसाइड किडीला, हर्बिसाइड गवताला, तणाला. सुसाइडमधलाही साइड हाच, तिथे पुढचा तुकडा म्हणजे स्वतः. हा शब्द आपल्या भागात इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसालाही माहीत आहे, याचं मला फार वाईट वाटतं. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून मी बाटली देताना शब्द तोडून सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक काका संत्र्याच्या डिंक्यासाठी, म्हणजे बुरशीने खोडातून डिंक गळतो त्या रोगासाठी, शेजाऱ्याकडून अर्धी बाटली घेऊन आले, हे मारू का म्हणून. लेबल फाटलेलं, नुसतं साइड उरलेलं. म्हटलं काका, हे मारते एवढंच इथे लिहून आहे, कोणाले मारते ते फाटून गेलं, हे बागेत नेऊ नका. ती बाटली त्यांनी बाजूला ठेवली आणि बुरशीचं औषध घेऊन गेले.

बाबा खुंटाला जी चीर द्यायचे ती इंग्रजी टीच्या आकाराची असते. दिवसाला शेकड्याने द्यायचे, ते अक्षर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्या वर्षी मी पाटीवर काढून दाखवलं, तर बराच वेळ पाटी हातात धरून बसले होते.

वही दहावीच्या निरोप समारंभानंतर कोणाकडे गेली ते माहीत नाही. एबलची पानं निळ्या शाईची आहेत, टेबल तिसऱ्या पानावर. आपल्या बॅचपैकी कोणाच्या माळ्यावर, पेटीत असेल तर कृपया दुकानात आणून द्या, झेरॉक्स काढून त्याच दिवशी परत करतो.