चौकटीतला पद्मपाणी

आमच्या ड्रॉईंगच्या सरांचा एक हट्ट होता. स्वतःचं चित्र नंतर, आधी थोरांचं चित्र हुबेहूब उतरवा. ट्रेसिंग पेपरला वर्गात मज्जाव. छापील चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी ड्रॉईंगशीटवर मोठ्या आखायच्या आणि एकेका घरातली रेघ नुसत्या नजरेने उचलायची. खाली आपल्या नावाआधी लिहायचं, ‘अजिंठा, लेणे क्र. १ वरून’. तेवढं राहिलं तर सर सही करत नसत.

माझ्या वाट्याला पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व आला. रोज पाहिलेलं चित्र, कॅलेंडरवर, एसटी स्टँडवरच्या फलकावर. पण उतरवायला बसल्यावर कळलं की आपण ते पाहिलंच नव्हतं. मान एकीकडे कललेली, कमरेला उलटा बाक. डोळे अर्धे मिटलेले आणि नजर खाली. उजव्या हातातलं निळं कमळ बोटांनी इतकं अलगद धरलेलं की माझ्या कागदावर ती बोटं कितीदा तरी ताठच यायची. सर म्हणायचे, “बोटं नंतर काढ रे, आधी मनगट कुठं वळतंय ते बघ.” मनगट जमलं आणि बोटं आपोआप सैल झाली.

पुढे सहलीत मूळ चित्रासमोर उभा राहिलो, तेव्हा त्यातली वळणं हाताला ओळखीची होती. रंग उडालेल्या जागी मातीचा गिलावा दिसत होता. त्यावर गेरूची रेघ आणि मग रंग, हे सरांनी वर्गात सांगितलेलं तिथं डोळ्यांना पटलं.

नक्कल म्हणजे कमीपणा, असं आजही काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून कित्येक वर्षं अजिंठ्यात राहून प्रतिकृती केल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांकडून ते काम पुन्हा करून घेतलं. त्यातल्याही बऱ्याच प्रती लंडनमध्येच १८८५ साली जळाल्या. पण ते करताना तयार झालेले हात कुठं जळाले? चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्याच कामातून घडले. पुढे लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर प्रती करायला बंगालचे तरुण चित्रकार नंदलाल बोस आले. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात. तिकडून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन आले. नंदलालांच्या पुढच्या चित्रांतली रेघ पाहा, अजिंठा त्यात दिसतोच.

शाळेच्या महोत्सवानिमित्त अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या छापील प्रती कलावर्गाला देत आहे. नव्या सरांना विनंती एवढीच, काचेच्या फ्रेममध्ये घालून त्या कार्यालयात टांगू नका. पोरांच्या हातात द्या, चौकटी आखू द्या. कडा मळल्या, फाटल्या तर दुसऱ्या पाठवीन.