तुम्ही विचारलंत म्हणून: हवेली नीट का ठेवत नाही?

"एवढी सुंदर वास्तू, आणि तुम्ही तिचं काहीच करत नाही?" हा प्रश्न मला लग्नांत, बारशांत विचारला गेलाय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही. माहेर पुण्याचं, सासर अकोल्याचं, आणि सासरचं मूळ गाव राजस्थानच्या शेखावाटी भागातलं रामगढ. तिथल्या चित्रांच्या हवेल्यांचे फोटो आता सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. त्यातली एक आमची. आमची म्हणजे किती जणांची, ते पुढे येईलच.

पहिलं उदाहरण हमखास पोदारांचं. नवलगढची त्यांची १९०२ची हवेली आज म्युझियम आहे आणि उत्तम राखलीय, मान्य. त्यामागे ट्रस्ट आहे. दुसरं उदाहरण शेखावाटीतल्याच फतेहपूरचं. नादीन ल प्रिन्स या फ्रेंच चित्रकार बाईंनी १९९८ साली तिथली एक जुनी हवेली विकत घेतली आणि चित्रं दुरुस्त करवली. बाईंना माझा नमस्कार. पण त्यांना विकणारं कुणीतरी भेटलं ना! आमच्याकडे विकायचं, भाड्याने द्यायचं, नुसता जिना दुरुस्त करायचा म्हटलं तरी २३ सह्या लागतात. कोलकाता, गुवाहाटी, सुरत, अकोला. दोन चुलतभावांचं बोलणं बंद आहे, आणि एका जाऊबाईंना आपलं नाव उताऱ्यावर आहे हेच माहीत नव्हतं.

मुळात या हवेल्या राहण्यापेक्षा दाखवायलाच जास्त बांधल्या, असं मी म्हटलं की घरात वाद होतो. पण पैसा मुंबई-कोलकात्यात कमवायचा आणि भिंती गावाकडे रंगवायच्या, हाच तो जमाना. सीकरजवळच्या काशी का बासमधून जमनालाल बजाज दत्तक म्हणून वर्ध्याला आले, तसे आमचे लोक कापसामागे वऱ्हाडात आले. आधी पुरुष, मग बायकामुलं, शेवटी देव्हाऱ्यातले देवसुद्धा. मागे राहिला चौकीदार.

"निदान रंग तरी मारून घ्या." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तो रंग भिंतीवर दिलेला नाही, भिंतीत मुरवलेला आहे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच चेजारे, म्हणजे तिथले गवंडी-चितारी, त्यावर रंग भरायचे, थापीने दाबून बसवायचे आणि मग अकीक दगडाने घोटायचे. म्हणून उन्हातली चित्रंही शंभर वर्षं टिकली. त्यांचा काळ आला तो खालून. नळ आले, सांडपाणी आलं, पायात ओल शिरली आणि भिंतींना लोणा, म्हणजे खार, लागला. आमच्या एका दिरांनी चांगल्या हेतूने खालच्या तीन फुटांवर सिमेंट थापलं. ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही, ती आणखी वर चढली आणि नेमकी चित्रातल्या आगगाडीच्या चाकांपर्यंत पोचली.

ही आगगाडी आतल्या चौकात आहे. गेरूच्या लाल पट्ट्यावर निळे डबे, प्रत्येक खिडकीत एकसारखा टोपीवाला साहेब, आणि चाकं रुळांच्या बोटभर वर. काढणाऱ्याने गाडी पाहिली असेल का, याबद्दल मला दाट शंका आहे.

याच भिंतीसमोर ते झालं. नणंदेच्या मुलीची लग्नानंतरची पहिली गणगौर, म्हणजे तिकडची गौरीची पूजा, होती. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून पूजा बसते, त्यासाठी आम्ही सगळ्या गेलो होतो. फाल्गुनात तिथे जाणं म्हणजे रिंगस स्टेशनपासून खाटूश्यामजीच्या देवळाकडे निघालेल्या पदयात्रेकरूंच्या निशाणांतून वाट काढायची. पण एकदा पोचलं की मोहरी निघालेली शेतं, रोहिड्याला केशरी फुलं, आणि रात्री चंगाची, म्हणजे तिकडच्या डफाची, थाप. तर सकाळी मी चौकात दूर्वा निवडत बसले होते. मोठ्या सासूबाई समोर, म्हणून डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत. एक जोडपं गाईडबरोबर आत आलं. बोलणं ऐकलं आणि दचकलेच. मराठी. तेही आमच्या कोथरूडचं.

गाईडने पाण्याच्या बाटलीतून भिंतीवर सपकारा मारला. निळा रंग असा उसळून वर आला की मीही बघत राहिले. त्यांचे फोटो होईपर्यंत भिंत वाळायला लागली, निळ्यावर पांढरं पीठ दिसू लागलं आणि एका खिडकीतल्या साहेबाच्या टोपीचा पोपडा खाली पडला. बाई म्हणाल्या, "बघ ना, यांना किंमतच नाही. चूल मांडलीय चित्राखाली!" गृहस्थ म्हणाले, "पैशाला काय कमी आहे? मुंबईत टॉवर असतील यांचे." मग माझ्याकडे वळून हिंदीत, "भाभीजी, आपका भी एक फोटो?" मी मान हलवली. जाताना बाईंनी माझ्या हातात पन्नासची नोट ठेवली.

मी घेतली. एक शब्द मराठीत बोलले असते तर दोघं जागच्या जागी वितळली असती. आजही आंघोळ करताना मी त्यांना खणखणीत उत्तरं देते. पण तेव्हा बोलले असते तर पुढचा प्रश्न तोच आला असता, "मग तुम्ही का नाही ठेवत नीट?", आणि दूर्वा हातात घेऊन मी २३ सह्या समजावत बसले असते. नोट चौकीदाराच्या बायकोला दिली. ती म्हणाली, "बीनणी (सूनबाई), तुमचा तर चांगला भाव झाला! आम्हाला वीस देतात."

ती चूल तिचीच. धुराने दोन डबे काळे झालेत, खरं आहे. पण तिचं कुटुंब तिथे राहत नसतं तर पितळी फुल्यांचा तो दरवाजा कधीच एखाद्या अँटिकवाल्याच्या गोदामात गेला असता. गल्लीतल्या दोन हवेल्यांचे गेलेत.

खरं सांगायचं तर त्या बाईंचं वाक्य मी आधीच म्हटलेलं आहे. लग्न नवं असताना ह्यांना अगदी तेच बोलले होते, वर 'हेरिटेज हॉटेल' अशी फाईलही केली होती. अंदाजपत्रक, खोल्यांचे दर, सगळं. फाईल अजून कपाटात आहे. ती मुलगी, म्हणजे तेव्हाची मी, चुकीची होती असं मला म्हणवत नाही, तिच्या आकड्यांत फार खोटही नव्हती. पण हॉटेल झालं तर चौकीदाराचं कुटुंब कुठे जाईल, हा रकाना तिच्या फाईलमध्ये नव्हता, आणि माझ्याकडेही त्याला उत्तर नाही. पुतण्या म्हणतो पाडा आणि गाळे काढा. त्याच्यावर मी ओरडते, पण गाळ्यांचा हिशेब त्याने समोर ठेवला की मला पटकन काही सुचत नाही.

तूर्त पावसाआधी गच्चीच्या परनाळी साफ करायच्यात आणि चुन्याचं काम जाणणारा कारागीर शोधायचाय. वर्गणीचा मेसेज ग्रुपवर टाकलाय. तिघांनी पैसे पाठवले, बाकीच्यांनी हात जोडल्याचं चित्र. तेव्हा पुढच्या लग्नात मला गाठण्याआधी सुरतेच्या दिरांना गाठा. तेही येणार आहेत, आणि त्यांची सही अजून बाकी आहे.