तिरकी रेघ

लंडनच्या एका कलासंग्रहात मी कागदाच्या जतनाचं काम करते. त्या दिवशी एका दिवंगत इंजिनिअरच्या घरून खोकं आलं. वर प्लॉटरने, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर पेन फिरवणाऱ्या यंत्राने, काढलेलं चित्र होतं: चौकोनांच्या रांगा, वर शिस्तीत, खाली येता येता कलंडलेल्या. कॉम्प्युटर-कलेतल्या जर्मन गेओर्ग नेसच्या १९६८ च्या सुमाराच्या 'शॉटर' या चित्राची छाप उघड दिसत होती. शाई बॉलपेनची, रेघ जिथे सुरू होते तिथे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका.

खाली पंच कार्डांचा, म्हणजे भोकं पाडून प्रोग्रॅम नोंदवलेल्या कार्डांचा, गठ्ठा. यादीत त्याच्यापुढे 'किरकोळ कागद' लिहिलेलं. मी उचलायला गेले, वाळलेलं रबरबँड तटकन तुटलं आणि सव्वाशे कार्डं फरशीभर. पोटात गोळा आला. एका कार्डावर एक ओळ, म्हणजे क्रम गेला की प्रोग्रॅमच गेला. कार्डाच्या क्रमांकासाठी ७३ ते ८० हे रकाने असायचे. ते कोरे!

काका तरुणपणी मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या सीडीसी ३६०० कॉम्प्युटरसाठी फोरट्रान भाषेत प्रोग्रॅम लिहायचे. त्यांना फोन लावला.

"रडतेस काय? कार्डांच्या वरच्या कडेला शाई आहे का बघ."

होती. गठ्ठ्यावर मार्करने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढलेली होती, त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या कडेला एकेक ठिपका, आधीच्यापेक्षा जेमतेम दीड मिलिमीटर सरकलेला. हातमोजे घालून, भिंग लावून चार तास कार्डं जुळवली. रेघ पुन्हा सलग झाली.

तीन कार्डं उरली. त्यांच्यावर ठिपकाच नव्हता.

"नंतर घातलीत," काका व्हिडिओवर म्हणाले. "वाच." कार्डाच्या माथ्यावर अक्षरं छापलेली होती, म्हणून जमलं. एकावर ओळीच्या सुरुवातीला असलेला लेबल-क्रमांक एका डू-लूपच्या, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाच्या, शेवटाशी जुळला. त्याची जागा ठरली. दुसऱ्यावर कोन वाढवणारा गुणाकार होता. म्हणजे पहिलं चित्र इंजिनिअरबुवांना फारच सरळ वाटलं असणार! ते आणि तिसरं, ही दोन कार्डं मात्र अजून वेगळ्या पाकिटात आहेत. अंदाजाने घुसवायची माझी तयारी नाही.

यादीतला 'किरकोळ' खोडून चित्राला आणि कार्डांना मी एकच नोंदक्रमांक दिला. वरिष्ठ बाईंनी भुवई उंचावली, पण सही केली.

रात्री जुळलेल्या गठ्ठ्याचा फोटो काकांना पाठवला. उत्तर आलं: "मार्कर? चैन होती बुवा. आम्ही शाईपेनाने ओढायचो, शर्टाला लागायची."