ओरिजिनल लाव ना!

"मामा, आवाज कसला घाण येतोय. ओरिजिनल लाव ना!"

सकाळी मी भांडी लावत होतो, फोनवर बीटल्स या इंग्लिश बँडचं 'चाइल्ड ऑफ नेचर' हे गाणं चालू होतं. भाचीला म्हटलं, अगं, हेच ओरिजिनल. तिने असं काही बघितलं की विचारू नका.

मे १९६८. हृषीकेशहून परतलेले बीटल्स इंग्लंडमधल्या ईशरला, त्यांच्यातल्याच जॉर्ज हॅरिसनच्या घरी जमले आणि नवी गाणी चार ट्रॅकच्या टेपवर भरून ठेवली. पुढे त्यांचा 'व्हाइट अल्बम' आला, त्यात हे गाणं नव्हतंच. बँडमधल्याच जॉन लेननने १९७१ मध्ये चाल तीच ठेवली, शब्द बदलले आणि झालं 'जेलस गाय'. शब्दांतली हृषीकेशची वाट गेली, मत्सर आला!

ईशरच्या टेपवरचा तो डेमो, म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना, वर्षानुवर्षं चोरट्या प्रतींवरून फिरला. माझ्याकडे आला तो मित्राच्या सीडीतून, कॉपीची कॉपी. २०१८ मध्ये सत्तावीस डेमो अधिकृतपणे, अगदी स्वच्छ होऊन निघाले. तरी मी जुनीच प्रत लावतो. खरखर नसली की चुकल्याचुकल्यासारखं होतं. (बायकोच्या मते हा आजार आहे.)

पण खरं सांगू? त्या टेपवर गाण्याला अजून माहीत नाही की आपण पुढे कोण होणार. मला तेच ऐकायचं असतं.

संध्याकाळी भाचीला मुद्दाम 'जेलस गाय' ऐकवलं. पियानो, व्हायोलिनं, सगळा थाट. दोन ओळी ऐकून म्हणाली,

"अरे मामा, ही तर सकाळच्या गाण्याची कॉपी आहे!"