पहिल्या घासाबरोबर: आमची वाटचाल

नागपूरच्या इतवारीत बाबांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. हिरडा, बेहडा, जांभळाच्या बिया, बिबळ्याचं लाकूड, गुडमार, सगळं पोत्यांत भरलेलं. शुगरचं गिऱ्हाईक आलं की बाबा आधी गुडमारचं पान चघळायला द्यायचे आणि मग गुळाचा खडा. गूळ तोंडात मातीच्या ढेकळासारखा लागायचा, गोडीचा पत्ता नाही. माणूस थक्क व्हायचा आणि पावभर पाला बांधून न्यायचा.

बी.फार्म.ला गेल्यावर कळलं की हा खेळ जिभेवरचा. गुडमारातली जिम्नेमिक आम्लं गोड चव ओळखण्याची जिभेची ताकद काही वेळ अडवून धरतात. त्यावरून रक्तातल्या साखरेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मग जे सिद्ध होते ते विक." आमच्या धंद्याची सुरुवात मी तिथून धरतो.

हिंगणा एमआयडीसीत भाड्याचा छोटा गाळा, पूड करायचं एक यंत्र (पल्व्हरायझर), एक चाळणी आणि कामाला दोन ताया. सप्लिमेंट बनवणाऱ्या कंपन्यांना वनस्पतींची पूड पुरवायची, एवढाच बेत होता. पहिली दोन वर्षं मेथीदाणा आणि गुडमारवर काढली. मेथीचं काम सरळ असतं. दाण्यात जवळजवळ निम्मा तंतू, त्यातला विरघळणारा भाग पोटात फुगून बुळबुळीत होतो, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो आणि साखर रक्तात हळू चढते. गुडमारनं मात्र आम्हाला रडवलं. एका पावसाळ्यात ३०० किलो माल बुरशीच्या चाचणीत नापास होऊन परत आला. पाला आमच्याकडे आला तेव्हाच ओलसर होता, आणि मी वरवर हात घालून तो कोरडा मानला होता. चूक माझी होती. त्या दिवसापासून ओलावा मोजल्याशिवाय एकही पोतं आत येत नाही.

तुतीकडे वळलो ते रेशमामुळे. रेशमाची अळी तुतीचाच पाला खाते. राज्याचं रेशीम संचालनालय नागपुरातच आहे आणि विदर्भात तुती लावणारे शेतकरी बरेच. तुतीच्या पानात १-डीऑक्सीनोजिरिमायसिन, म्हणजे डीएनजे, नावाचं द्रव्य असतं. जपानी संशोधकांनी ते १९७६ मध्ये तुतीच्या मुळाच्या सालीतून वेगळं केलं. आतड्यात पिष्टाचं आणि साखरेचं ग्लुकोज करणारी अल्फा-ग्लुकोसिडेज नावाची विकरं (एन्झाइम) असतात, त्यांचं काम डीएनजे मंदावतं. अकार्बोज हे डॉक्टरांचं औषध चालतं तेही याच वाटेनं.

वर्धेकडच्या एका शेतकरीदादांकडे पहिल्यांदा पाला मागायला गेलो तेव्हा ते हसले. "अहो भाऊ, अळीचा पाला माणसाला खाऊ घालून राहिले का तुम्ही?" पण अळीचा पाला आहे हीच त्याची मोठी खूण. रेशमाची अळी इतकी नाजूक, की कीटकनाशकाचा अंशही तिला मारतो. म्हणून हे शेतकरी तुतीवर फवारणीच्या वाटेला जात नाहीत. तरी आम्ही प्रत्येक लॉटची कीटकनाशकांची आणि जड धातूंची चाचणी करतोच, कारण शेजारच्या कपाशीवरचं वारं कुणी अडवू शकत नाही. अळ्यांच्या रॅकवरचा उरलेला पाला घेत नाही. फांदीवरचा, वरची कोवळी पानंच घेतो, कारण डीएनजे कोवळ्या पानात जास्त.

वाळवणं शिकायला एक अख्खा उन्हाळा गेला. पहिला पाला मी एप्रिलच्या उन्हात ताडपत्रीवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो तपकिरी झाला आणि वाळल्या कडब्यासारखा वास मारू लागला. आता पत्र्याच्या शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पातळ पसरतो आणि बाजूनं पंखे लावतो. आमच्या मोठ्या ताई मूठभर पाला कानाशी धरून चुरतात. करकर आवाज आला तर झाला, नुसता मुडपला तर अजून ओला आहे. नंतर ओलाव्याचं यंत्र लावतो, आणि बहुतेकदा ते ताईंच्याच बाजूनं बोलतं.

पुड्यावर काय लिहायचं, यावर एक मोठी ऑर्डर गेली. त्या खरेदीदाराला "मधुमेहापासून सुटका" हवं होतं. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद आहे, आणि न्यूट्रास्युटिकल्सच्या, म्हणजे अशा सप्लिमेंटच्या, २०१६ च्या नियमांनी "औषधी वापरासाठी नाही" असं लिहिणं बंधनकारक केलंय. पण कायदा नसता तरी मी ते लिहिलं नसतं. बाबा स्वतः १८ वर्षं शुगरची गोळी घेतात, ती आमच्या पुडीनं एक दिवसही बंद केली नाही.

खरेदीदार कंपन्यांना आम्ही मालासोबत एक कागद देतो. त्यात पहिली ओळ वेळेची असते. तुतीची पूड जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. भात, पोळी आणि डीएनजे आतड्यात एकाच वेळी पोचले तर उपयोग. जेवून तासाभरानं घेतलेली पूड वाया जाते. दुसरी ओळ अशी, की साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तिसरी ओळ फार कमी लोकांना माहीत असते. अशी विकरं अडवणारं काही घेतलेलं असताना साखर एकदम उतरली, हातपाय थरथरले, घाम फुटला, तर घरातली साखर उशिरा लागू पडते, कारण तिचं ग्लुकोज व्हायलाच अडथळा असतो. तेव्हा मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोजची पावडर द्यावी.

ही तिसरी ओळ काढा, लोक घाबरतात, असं दोन कंपन्यांनी सुचवलं. एकीनं नंतर ती आपल्या डब्यावर छापली. दुसरी आता आमच्याकडून माल घेत नाही.

सध्या आठ जण कामाला आहेत. बाबांनी दुकान सोडलंय, पण रविवारी शेडवर येतात आणि रॅकवरचा पाला उलटत बसतात. मागच्या महिन्यात त्यांनी जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून आलेला आकडा मला वहीत लिहून दाखवला, पुडी घेतलेल्या आणि न घेतलेल्या दिवसांचे दोन रकाने पाडून. मी म्हणालो, एका माणसाच्या वहीवरून काही सांगता येत नाही. ते म्हणाले, "माहीत आहे. तरी लिहून ठेवतो."